सोळा शहरांची एक मैफल

ज्या कलेचें आयुष्य एका रात्रीपुरतें असतें, ती चित्रफितीवर उतरवून ठेवण्याचा उद्योग मुळांतच अवघड होय. नाटक असो, कीर्तन असो, गाण्याची बैठक असो. तिचा अर्धा प्राण समोर बसलेल्या श्रोत्यांत असतो, आणि गायकावर रोखलेल्या यंत्राला हा अर्धा प्राण बहुधा दिसतच नाहीं. गायकाचा चेहरा दिसतो, वाद्यांवरील बोटें दिसतात, आवाजहि स्वच्छ येतो; तरी पाहणारास राहून राहून वाटतें कीं, आपण पंगतीस बसलों नसून पंगतीचें छायाचित्र पाहत आहों. ‘फ्लाइट ६६६’ या इंग्रजी चित्रपटानें ही अडचण ओळखून एक निराळाच मार्ग धरला आहे. त्यानें गायकांइतकेंच, किंबहुना कांहीं ठिकाणीं गायकांहून अधिक, श्रोत्यांकडे पाहिलें आहे. हा मार्ग त्यास कोठपर्यंत घेऊन गेला, आणि कोठें त्यानें पाहणाराची निराशा केली, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आयर्न मेडन हा इंग्लंडांतील ‘हेवी मेटल’ पद्धतीचें संगीत वाजविणारा बँड. स्टीव्ह हॅरिस या बास-गिटारवादकानें १९७५ सालीं पूर्व लंडनमध्यें तो स्थापन केला, आणि १९८० नंतरच्या दशकांत त्याची कीर्ति जगभर पसरली. २००८ सालीं या मंडळींनीं आपल्या त्या जुन्या दशकांतील गाणीं घेऊन पुन्हां जगप्रवास काढला. त्याच्या पहिल्या टप्प्याचें चित्रण सॅम डन व स्कॉट मॅकफेडियन या दोन कॅनडावासी दिग्दर्शकांनीं केलें, आणि तें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. आमच्या वाचकांनीं त्याची दखल घ्यावी याचें एक साधें कारण असें कीं, या प्रवासाचा पहिला मुक्काम मुंबईस पडला. १ फेब्रुवारी २००८ रोजीं वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर पहिली मैफल झाली. चित्रपटाच्या दोन तबकड्या आहेत: एकींत प्रवासाची हकीगत, दुसरींत सोळा गाण्यांची सलग मैफल, आणि या दुसऱ्या तबकडींतील पहिलें गाणें मुंबईचें आहे.

‘हेवी मेटल’ हें नांव उच्चारतांच आमच्या कित्येक सुविद्य घरांत कपाळास आठ्या पडतात. मुलाच्या अंगांतील काळ्या सदऱ्यावरची कवटी, दाराआड कोंडलेला गलका, आणि त्या ६६६ आंकड्यामागची सैतानाची कथा, एवढ्या तीन गोष्टींवर निकाल दिला जातो. यांपैकीं तिसरीचा उलगडा सोपा आहे. हा आंकडा बायबलाच्या अगदीं शेवटच्या पुस्तकांतला. १९८२ सालीं या बँडनें त्यावर एक गाणें केलें आणि अमेरिकेंतील धर्माभिमान्यांनीं त्याविरुद्ध काहूर उठविलें. त्या भांडणाशीं आमचा कांहीं संबंध नाहीं. कवटीच्या तोंडाचा तो एडी, जो प्रत्येक मैफलींत रंगमंचावर अवतरतो, त्याचें भय नाशिककडील बोहाड्यांत राक्षसांचीं सोंगें नाचतांना पाहिलेल्या माणसास वाटण्याचें कारण नाहीं. राहतां राहिला गलका. पण ज्या खान्देशांत वरातीपुढें गाडीवर रचलेले कर्णे वाजूं लागले म्हणजे घरांतील भांडीं फळीवर थरथरतात, आणि आपण तें मंगल कार्य म्हणून सोसतों, त्या खान्देशानें तरी केवळ आवाजाच्या मोठेपणावरून संगीताची योग्यता ठरवूं नये. (जातां जातां सांगावयाचें तर, आमच्या पारोळ्याकडे बँड म्हटला कीं तो वरातीचाच. या लेखांत तो शब्द येईल तेव्हां वाचकांनीं झालरीच्या टोप्या घातलेले क्लॅरिनेटवाले डोळ्यांपुढें आणूं नयेत.)

या संगीताचा जन्म राजवाड्यांत झाला नाहीं, देवळांतहि झाला नाहीं. तो कारखान्यांच्या गांवीं झाला. बर्मिंगहॅमचा ब्लॅक सॅबथ हा बँड त्याचा आद्य प्रवर्तक मानला जातो. त्याची पहिली तबकडी १९७० सालीं निघाली. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यांत कामाला होता, आणि तेथील यंत्रांत त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावरा असल्यामुळें तारा दाबण्याचीं बोटें नेमकीं तींच. त्यानें बोटांस टोपणें चढविलीं, पुढें तारा सैल सोडून स्वर खालीं उतरविला, आणि तोच जड, खोल नाद या पद्धतीची ओळख होऊन बसला. अंमळनेरच्या गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या घरचें घड्याळ चालत असे, त्यांस या उगमांत फारसें परकें कांहीं वाटूं नये.

तथापि आयर्न मेडनचें खरें वैशिष्ट्य नादांत नाहीं, कथनांत आहे. आणि येथेंच मराठी श्रोत्यास त्यांच्याकडे जाणारी स्वतःची वाट सांपडते. त्यांचीं उत्तम गाणीं भावगीतें नव्हेत, ते पोवाडे आहेत. ‘द ट्रूपर’ हें गाणें घ्या. क्रिमियाच्या युद्धांत १८५४ सालीं बालाक्लाव्हा येथें चुकीच्या हुकुमापायीं इंग्रजी घोडदळ तोफांच्या तोंडीं गेलें, ती कथा टेनिसनच्या कवितेमुळें आमच्या आजोबांच्या पिढीस इंग्रजी शाळेंत पाठ होती. टेनिसन ती दुरून, टेकडीवर उभें राहून सांगतो. हें गाणें ती मरणाऱ्या स्वाराच्या तोंडून सांगतें. हॅरिसचा बास एक दीर्घ व दोन ऱ्हस्व अशा आघातांनीं दौडूं लागला कीं घोड्याच्या टापा निराळ्या ऐकवाव्या लागत नाहींत. शाहीर डफावर थाप मारून प्रसंग उभा करतो आणि झिलकरी मागून ‘जी जी’ करून तो उचलून धरतात, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें झिलकरी रंगमंचावर नसून मैदानांत असतात व त्यांची संख्या हजारांनीं मोजावी लागते. खान्देशांतील वहीगायन ज्यांनीं ऐकलें आहे, उंच स्वरांत आख्यान लावून धरणारे ते गायक आणि खालीं घुमणारे ते डफ ज्यांच्या कानांत आहेत, त्यांस तर हें नातें समजावून सांगण्याचीहि गरज नाहीं.

या दृष्टीनें पाहतां चित्रपटांतील सर्वांत मोलाचीं तेरा-चौदा मिनिटें म्हणजे कोलरिजच्या वृद्ध खलाशाच्या आख्यानाचीं. १७९८ सालीं प्रसिद्ध झालेलें हें काव्य महाविद्यालयांत शिकतांना अर्थ व टीपा यांच्या ओझ्याखालीं आपल्यापैकीं पुष्कळांनीं दडपून टाकलें असेल. हॅरिसनें १९८४ सालीं त्याचें गाणें केलें, आणि तें करतांना कथेचा एकहि सांधा गाळला नाहीं: पक्ष्याची हत्या, वारा पडणें, तहान, मेलेले सोबती, शाप, आणि शेवटीं ही कथा जन्मभर सांगत हिंडण्याची शिक्षा. मध्यावर सारी वाद्यें विसावतात, दोरखंड करकरल्यासारखा नाद उरतो, आणि मूळ काव्यांतील ओळी संथपणें बोलल्या जातात. चित्रपटांत हें गाणें न्यू जर्सींतलें आहे. गोंगाटासाठीं आलेली म्हणून जिची संभावना होते ती माणसें या जागीं जी स्तब्धता पाळतात, ती आमच्या पुष्कळशा व्याख्यानमालांस लाभत नाहीं. दोनशें वर्षांमागचें एक दीर्घकाव्य आजच्या तरुणांस तोंडपाठ व्हावें यासाठीं कोणत्याहि विद्यापीठानें केलेल्या खटपटीपेक्षां या एका गाण्यानें अधिक कार्य केलें आहे, असें आम्हांस वाटतें.

आतां प्रवासाकडे वळूं. या टप्प्यांत बँडनें पंचेचाळीस दिवसांत २३ मैफली केल्या व सुमारें ५०,००० मैल अंतर तोडलें. हें साधलें तें एका विमानामुळें. बोइंग ७५७ जातीचें एक उतारूंचें विमान घेऊन त्याच्या मागच्या भागांतील आसनें काढून टाकण्यांत आलीं, तेथें वाद्यें व रंगमंचाचें सामान भरण्यांत आलें, आणि पुढच्या भागांत गायक, कामगार, चित्रपटवाले असे सगळे एकत्र बसले. विमान चालविणारा कोण, तर मुख्य गायक ब्रूस डिकिन्सन. हा गृहस्थ परवानाधारक वैमानिक असून त्या काळीं एका विमान-कंपनींत नोकरीहि करीत असे. रात्रीं तीस-चाळीस हजार माणसांपुढें नाचून गाणारा मनुष्य दुसऱ्या दिवशीं गणवेश चढवून प्रवाशांस हवामानाची माहिती देतो, हें दृश्य चमत्कारिक खरेंच. पण दिग्दर्शक या चमत्कारानें जरा अधिकच मोहून गेले आहेत. चढतें विमान, उतरतें विमान, विमानतळावर वाट पाहणारा जमाव, हीं दृश्यें इतक्या वेळां येतात कीं, हा बँडचा चित्रपट आहे कीं विमान-कंपनीचा, असा संशय यावा.

कामगारांचीं दृश्यें मात्र आम्हांस आवडलीं, आणि तीं आणखी असतीं तर बरें झालें असतें. खान्देशांत रथ निघतो तेव्हां सर्वांची नजर मूर्तीवर असते. परंतु चाकाखालीं मोगरी लावून तो प्रचंड डोलारा वळविणारा व थोपविणारा माणूस जर क्षणभर चुकला तर उत्सवाचा अनर्थ होईल. बालाजीच्या रथाच्या दिवशीं पारोळ्याच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या कोणासहि हें ठाऊक आहे. मैदानावर रंगमंच उभारणारे, सामान उतरविणारे, आणि मैफल संपतांच तें सारें पुन्हां विमानाच्या पोटांत कोंबणारे लोक हे या प्रवासाचे मोगरीवाले होत. चित्रपट त्यांस नमस्कार करतो व लगेच पुढें निघून जातो.

जेथें चित्रपट खरोखर उंच जातो तें ठिकाण म्हणजे दक्षिण अमेरिका. कोलंबियाच्या राजधानींत, बोगोटास, मैफलीच्या कितीतरी दिवस आधींपासून तरुण मंडळी मैदानाबाहेर राहुट्या टाकून बसली होती. मैफल संपल्यावर पडघमवादक निको मॅकब्रेन प्रघाताप्रमाणें आपल्या काठ्या गर्दींत फेकतो. त्यांतली एक एका तरुणाच्या हातीं लागली. तो ओरडत नाहीं, नाचत नाहीं. ती काठी धरून उभा राहतो आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहूं लागतें. दिग्दर्शकांनीं येथें निवेदन घातलें नाहीं, प्रश्न विचारला नाहीं, नुसते थांबले. आणि ही जागा त्यांनीं साधली. पंढरीच्या वाटेवर कळस दिसतांच थबकलेलीं माणसें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस हा चेहरा ओळखीचा वाटेल. भक्तीचा विषय योग्य कीं अयोग्य हा वाद निराळा. भावाचा खरेपणा त्या चेहऱ्यावर लिहिलेला आहे. ब्राझीलमधील एका धर्मोपदेशकानें याच बँडचीं चित्रें अंगभर गोंदवून घेतलीं आहेत, तोहि येथें भेटतो; परंतु तें दृश्य कौतुकाचें आहे, काठीवाल्याचें दृश्य कौतुकापलीकडचें आहे. चिलीची गोष्टहि अशीच लक्षांत राहते. १९९२ सालीं तेथील कॅथलिक धर्माधिकाऱ्यांच्या विरोधामुळें या बँडची सांतियागो येथील मैफल रद्द झाली होती. ज्या देशानें एकदां दार लावलें त्याच देशांत सोळा वर्षांनीं मैदान ओसंडून वाहतांना पाहिलें म्हणजे त्या गर्जनेंत निव्वळ करमणुकीहून कांहीं अधिक भरलेलें आहे हें ध्यानांत येतें.

आणि मुंबई? येथें आमची तक्रार सुरू होते. बोगोटाच्या त्या एका चेहऱ्यासाठीं थांबणारे दिग्दर्शक मुंबईंत फार वेळ थांबत नाहींत. प्रवासाची सुरुवात असल्यामुळें त्यांचें लक्ष विमानावर, नव्या व्यवस्थेवर, पहिल्याच प्रयोगाच्या धाकधुकीवर आहे. मुंबई ही त्या धाकधुकीची पार्श्वभूमि होऊन राहते. ही गोष्ट अधिक खटकते याचें कारण, दिग्दर्शक मुंबईस अपरिचित नव्हते. सॅम डन हा मानववंशशास्त्राचा अभ्यासक. याच जोडीनें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘ग्लोबल मेटल’ या चित्रपटांत मुंबईच्या वादकांशीं बोलून, या शहरांत हें संगीत कां रुजलें याचा शोध घेतला होता. तो धागा येथें पुढें न्यावयाचा होता. धोबीतलावाजवळच्या रंगभवनांत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ नांवाचा उत्सव भरूं लागला, आणि पुढें शांतताक्षेत्राच्या नियमांमुळें तें खुलें नाट्यगृह या संगीतास बंद झालें. परदेशचे मोठे बँड येत नव्हते त्या काळांत मुंबईच्या दोन पिढ्यांनीं उसन्या वाद्यांवर, नकलून घेतलेल्या ध्वनिफितींवर ही आवड जगविली. आयर्न मेडन भारतांत प्रथम आले ते मार्च २००७ मध्यें, बंगळूरास. मुंबईस ते आले तेव्हां मैदानावर उभा राहिलेला श्रोता हा कुतूहलानें जमलेला बघ्या नव्हता. वीस-पंचवीस वर्षें वाट पाहिलेला मनुष्य त्या गर्दींत होता. बोगोटाच्या तरुणाचे अश्रू आम्हांस कळतात, कारण त्यामागची वाट पाहणी आम्हांस दाखविली आहे. मुंबईची वाट पाहणी चित्रपट दाखवीत नाहीं, म्हणून मुंबईची गर्जना नुसती गर्जना राहते.

मुंबईच्या वांट्यास जें गाणें आलें तें ‘एसेस हाय’. १९४० सालीं इंग्लंडच्या आकाशांत झालेल्या विमानयुद्धाचें तें गाणें, आणि त्याच्या आधीं कर्ण्यांतून विन्स्टन चर्चिल याच्या भाषणाचा अंश ऐकविण्याची या बँडची जुनी प्रथा आहे. तेव्हां वांद्रे-कुर्ला संकुलावर, स्वातंत्र्यानंतर साठ वर्षांनीं, हजारों भारतीय तरुण चर्चिलच्या आवाजाचें स्वागत आरोळ्यांनीं करीत आहेत, असा हा प्रसंग आहे. १९४२ सालीं आमचे पुढारी तुरुंगांत टाकले गेले तेव्हां, आणि १९४४ सालीं पश्चिम खान्देशांत चिमठाण्यापाशीं प्रतिसरकारच्या तरुणांनीं सरकारी खजिना लुटला तेव्हांहि, इंग्लंडचा मुख्य प्रधान हाच गृहस्थ होता. पारोळ्याचा किल्ला तर आमच्या रोजच्या रस्त्यावर उभा आहे. नेवाळकरांनीं अठराव्या शतकांत बांधलेला, झांशीच्या राणीच्या सासरच्या घराण्याचा हा किल्ला; १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनें जहागीर जप्त केली आणि तट मोडून टाकला. त्या मोडक्या तटाच्या सावलींत राहणाऱ्या माणसानें, डिकिन्सन लाल लष्करी कोट चढवून इंग्रजी निशाण फडकवूं लागतो तें दृश्य, कोणत्या मनानें पाहावें?

हा प्रश्न चित्रपटास सुचलेलाच नाहीं. आणि तो सुचण्याजोगा होता, कारण निशाणाचें तें दृश्य चित्रपटांत टोकियोचें आहे, म्हणजे एका जुन्या शत्रूच्या राजधानींतलें. आमचें उत्तर असें कीं, गाणें निशाणापेक्षां शहाणें आहे. ‘एसेस हाय’ मध्यें साम्राज्य नाहीं. भोंगा वाजतांच विमानाकडे धांवणारा, आपण परत येऊं कीं नाहीं हें ठाऊक नसलेला एक मुलगा आहे. ‘द ट्रूपर’ मध्यें विजय नाहीं. मूर्ख हुकुमाखालीं मेलेला एक शिपाई आहे, आणि त्याच्या शेजारीं कोणी नाहीं. याच बँडनें ‘रन टु द हिल्स’ मध्यें अमेरिकेच्या मूळ रहिवाशांस हांकलून लावणाऱ्या गोऱ्यांची कथा सांगितली आहे, आणि तीहि आधीं हांकलल्या जाणाऱ्यांच्या तोंडून. शाहिराची खरी निष्ठा पडणाऱ्याशीं असते. पडणारा कोणत्या बाजूचा हें तो फारसें पाहत नाहीं. मुंबईचा तरुण जेव्हां आरोळी देतो तेव्हां ती चर्चिलला नसून पुढच्या क्षणीं कोसळणाऱ्या त्या पहिल्या सुरावटीला असते, असेंहि म्हणतां येईल. आणि बहुधा तेंच खरें आहे. तरीहि लाल कोट पाहतांना आमचें मन पूर्ण मोकळें राहत नाहीं, आणि तें राहावें असा आग्रहहि आम्ही धरणार नाहीं.

आतां मैफलीच्या तबकडीविषयीं, कारण आमचा मुख्य आक्षेप तिच्यावर आहे. सोळा गाणीं, आणि प्रत्येक गाणें निराळ्या शहरांतलें. मुंबईनंतर मेलबर्न, सिडनी, टोकियो, माँटेरे, लॉस एंजेलिस, मेक्सिको; पुढें दक्षिण अमेरिकेंतील शहरें; आणि अखेरीस टोरोंटो. गाण्यांचा क्रम मैफलींतलाच ठेवला आहे. वेषहि तेच, मागचे मिसर देशाचे पडदेहि तेच. त्यामुळें डोळे मिटले तर एकच मैफल चालली आहे असें वाटतें, आणि उघडले कीं दर सहा मिनिटांनीं गर्दी बदललेली असते. कल्पना चतुर आहे. श्रोता कोठलाहि असो, तो एकच आहे, हें तींतून एका शब्दाविना सांगितलें गेलें. परंतु यासाठीं मोजलेली किंमत थोडी नाहीं. मैफलीस चढ असतो. पहिल्या तीन गाण्यांत गायक श्रोत्यांस चांचपतो, श्रोते गायकास. मग कोठेंतरी गांठ पडते. मग थकवा येतो, आवाज घोगरा होतो, आणि त्या घोगरेपणांतूनच शेवटचीं गाणीं पेटतात. सोळा रात्रींतून सोळा तुकडे घेतल्यावर हा चढ राहणार कोठला? येथें टोरोंटोंत ‘हॅलोड बी दाय नेम’ गाणारा डिकिन्सन मुंबईंत ‘एसेस हाय’ गाऊन थकलेला नसतो. फांशीच्या पहाटे कोठडींत बसलेल्या कैद्याचें तें गाणें त्या थकव्यावर उभें राहिलें असतें तर त्याचें वजन निराळें झालें असतें. ध्वनीहि सोळा मैदानांचा असून एकाच गाळणींतून गाळल्यासारखा सारखा आहे.

याच बँडचा १९८५ सालचा ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ हा चित्रपट शेजारीं ठेवून पाहावा. तो कॅलिफोर्नियांतील लाँग बीच येथें, एकाच सभागृहांत टिपलेला आहे. त्यांत विमान नाहीं, देशोदेशींचे चेहरे नाहींत, निवेदन नाहीं. पण त्यांत एका जागची रात्र आहे. घाम वाढत जातो, गर्दी ढळत जाते, आणि शेवटीं पाहणाराहि दमतो. कलेच्या दृष्टीनें तोच श्रेष्ठ, असें आमचें मत आहे.

हा आक्षेप नुसता शास्त्रार्थ नव्हे. मुंबईकरास किंवा टोरोंटोवाल्यास चित्रपट ही आठवण आहे. पारोळ्यास, चोपड्यास, शिरपुरास तो मैफलीच्या जागीं आहे. आमच्याकडे ही मंडळी कधींहि येणार नाहींत, आणि एका संध्याकाळीसाठीं मुंबईचा रात्रभराचा प्रवास व तिकिटाचे पैसे हें कोणत्याहि शिक्षकाच्या वा कारकुनाच्या मुलास परवडण्याजोगें नाहीं. एके काळीं अब्दुल करीम खांसाहेबांचा राग खान्देशांतील कितीतरी घरांत तीन-सवातीन मिनिटांच्या तबकडीवरच पोंचला. त्या तबकडीनें बैठकीचा विस्तार दिला नाहीं, पण जें दिलें तें एका श्वासाचें, एका दिवसाचें होतें. खांसाहेबांच्या सोळा ठिकाणच्या सोळा ताना जोडून कोणी ती तयार केली नव्हती. जो प्रत्यक्ष जाऊं शकत नाहीं त्यास आधीं एक संपूर्ण रात्र द्यावी; जगाची सफर मग त्याच्या सवडीनें घडवावी.

आणखी एक उणीव सांगून टाकतों. चित्रपट बँडच्या संमतीनें, त्यांच्याच विमानांत बसून, त्यांचा व्यवस्थापक रॉड स्मॉलवूड याच्या सान्निध्यांत झाला आहे, आणि तें जाणवतें. डिकिन्सन १९९३ सालीं बँड सोडून गेला व १९९९ सालीं परतला. अशा माणसांनीं एका विमानांत पंचेचाळीस दिवस काढले तर त्यांच्यांत कांहीं कुरबूर झाली असेलच. पडद्यावर मात्र सर्वजण सदैव प्रसन्न, चहा पीत, गोल्फ खेळत असलेले दिसतात. पाहुणचार झालेल्या लेखकानें यजमानाचें चरित्र लिहावें तशी ही प्रसन्नता आहे.

ज्यांच्या घरीं हा चित्रपट येईल त्यांनीं, आमचें ऐकाल तर, प्रवासाची तबकडी मागाहून लावावी आणि आधीं मैफलींतील न्यू जर्सीचें आख्यान तेवढें काढून ऐकावें. शक्य तर कोलरिजचें पुस्तक उघडून, आणि ज्याच्या सदऱ्यावर कवटी आहे त्या चिरंजीवांस शेजारीं बसवून. तें संपल्यावर मग पहिल्या गाण्याकडे यावें. मुंबईचें तें गाणें पांच-सहा मिनिटांत आटोपतें. त्या रात्रीं मुंबईनें त्यापुढें पंधरा गाणीं ऐकलीं, आणि तबकडींत तीं पंधराहि दुसऱ्या शहरांच्या नांवावर आहेत.